भूर्ज आणि सफरचंद

पोरांनो, आज उत्तरेकडच्या एका झाडाची गोष्ट. स्वीडन, फिनलंडकडे पांढऱ्या सालीचं बर्च रानोमाळ वाढतं. आपल्या हिमालयातला भूर्ज त्याचाच भाऊबंद. जुन्या काळी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत, तोच. बर्फ वितळलं, एप्रिल-मे आला, की बर्चवर तुरे लोंबू लागतात. एकेका तुऱ्यात लाखो परागकण! मधमाशीची वाट न बघता हे झाड सगळा पराग वाऱ्याच्या हवाली करतं, आणि घराघरांत शिंका सुरू होतात.

खरं नवल पुढेच आहे. वसंतात शिंकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ताजं सफरचंद चावतात आणि काही मिनिटांत त्यांचे ओठ चुणचुणतात, टाळू खाजते, घसा खवखवतो. कुणाला कच्चं गाजर बाधतं, कुणाला चेरी, कुणाला हेझलनट.

आता सफरचंदात पराग कुठून आला? पराग नाही रे, प्रथिन! बर्चच्या परागात जेमतेम १६० अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन असतं. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्याचं जनुक शोधून काढलं. या घराण्यातली प्रथिनं कितीतरी वनस्पतींत असतात; बुरशी किंवा विषाणू चालून आले की झाड ती जास्त बनवतं. सफरचंदातलं प्रथिन आणि बर्चमधलं प्रथिन एकाच पुरातन पूर्वजाचे वंशज. चुलत भावांची चेहरेपट्टी आजोबांवर जावी, तशी त्यांची ठेवण निम्म्याहून अधिक जुळते. बर्चच्या परागाशी वैर धरून शरीराने प्रतिपिंडं तयार ठेवलेली असतात. तीच सफरचंदातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, तोंडातल्या पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, आणि खाज सुटते. म्हणजे भांडण झालं नाकात, शिक्षा मिळाली जिभेला!

आणि गंमत बघा, तेच सफरचंद केकमध्ये भाजलं तर बहुतेकांना काही होत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, आणि प्रतिपिंडांना ओळखीची ठेवण सापडत नाही. पोटातल्या आम्लापुढेही ते टिकत नाही, म्हणून त्रास बहुधा तोंडापुरताच राहतो. बहुधा म्हणालो हं, नेहमी नाही. बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना सोयाबीनचं दूध प्यायल्यावर जोराचा त्रास झालेला आहे. ओठ-घसा सुजला, श्वास अडकला, की वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

सगळी सफरचंदंही सारखी नसतात. गोल्डन डिलिशस अनेकांना बाधतं. नेदरलँड्समधलं सँटाना मात्र बऱ्याच जणांना सोसतं. ते वाण तयार केलं होतं फळझाडांवरच्या खपली रोगाला तोंड देण्यासाठी. तोंड खाजणाऱ्यांच्या ते उपयोगी पडेल, हे मागाहून कळलं.