चकती एक, दाखले दोन

विमानात बसण्याचा योग आता आपल्यापैकी पुष्कळांना येऊ लागला आहे. कुणाचा मुलगा बंगलोरला नोकरीला, कुणाची मुलगी दुबईला. खिडकीपाशी जागा मिळाली तर पंखाखाली टांगलेले मोठे पिंपासारखे इंजिन दिसते. त्याच्या तोंडाशी गरगर फिरणारा पंखा असतो. तो पंखा ज्या धातूच्या चकतीवर बसवलेला असतो, तिची गोष्ट वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण कचेरीत फाइल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

आधी इंजिन कसे चालते ते थोडक्यात पाहू. पुढचा पंखा हवा आत ओढतो. त्यातली काही हवा दाबून ज्वलनकक्षात जाते, तेथे इंधन जळते, आणि तापलेला वायू मागच्या टर्बाइनची पाती फिरवत बाहेर पडतो. ते टर्बाइनच मधल्या दांड्याच्या साहाय्याने पुढचा पंखा फिरवते. पंख्याची बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याबाहेरूनच मागे फेकली जाते आणि मोठ्या विमानाला मुख्य रेटा तीच देते. पंख्याची पाती चकतीच्या कडेच्या खाचांत बसवलेली असतात. वेगाने फिरताना प्रत्येक पाते बाहेर निसटू पाहते आणि ती सारी ओढ चकतीला सोसावी लागते. एखादे पाते तुटले तर इंजिनाचे कवच त्याला आतच अडवेल अशी रचना केलेली असते. चकती फुटली तर मात्र तिला अडवणारे कवच नाही. म्हणून ती फुटता कामा नये, एवढाच नियम.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे विमान डेन्व्हरहून शिकागोला निघाले होते. विमानात २९६ माणसे. सुमारे ३७ हजार फुटांवर शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली. तुकडे शेपटीतून आरपार गेले आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तिन्ही यंत्रणांच्या नळ्या तुटल्या. सुकाणू, पंखावरच्या झडपा, सारेच निकामी झाले. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांचे सहकारी, तसेच प्रवासी म्हणून बसलेले त्याच कंपनीचे वैमानिक-प्रशिक्षक डेनिस फिच, यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना उजवा पंख आधी टेकला, विमान मोडले, पेटले. ११२ जण गेले, १८४ वाचले. एवढे वाचले हेच नवल, असे जाणकार आजही म्हणतात.

फुटलेल्या चकतीचे मोठे तुकडे तीन महिन्यांनी, मक्याच्या कापणीच्या वेळी, आल्टा गावाजवळच्या शेतात सापडले. त्यानंतर खरा उलगडा झाला.

चकती टायटॅनियमची, सुमारे ३२ इंच व्यासाची, ३७० पौंड म्हणजे १६८ किलो वजनाची. टायटॅनियम वितळवताना त्यात नायट्रोजन शिरला तर तेवढा ठिपका काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून हा धातू निर्वातात वितळवतात. त्या काळी तो दोनदा वितळवत, पुढे तिसऱ्यांदा वितळवण्याची पद्धत आली. या चकतीच्या मधल्या भोकाच्या आतल्या बाजूला असा एक ठिपका राहून गेला होता. तो निखळला आणि मोहरीच्या दाण्याएवढा खळगा पडला. तेथून तडा सुरू झाला व प्रत्येक उड्डाणागणिक केसाकेसाने वाढत गेला. चकतीला १८ हजार उड्डाणांची मुदत होती, ती १५,५०३ उड्डाणांना फुटली.

मग तपासणी होत नव्हती काय? होत होती. भाग स्वच्छ करून त्यावर चमकणारा रंगीत द्रव लावतात, वरचा द्रव धुऊन टाकतात, भुकटी टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली पाहतात. तड्यात शिरलेला द्रव रेघेसारखा चमकतो. अपघाताच्या ७६० उड्डाणे आधी, एप्रिल १९८८ मध्ये, ही तपासणी झाली होती. तेव्हा तडा सुमारे अर्धा इंच लांब असावा, असे चौकशी मंडळाचे अनुमान. तो दिसला नाही. चकती भोकातून दोर घालून टांगतात. नेमकी दोराखालची जागा नजरेआड राहिली असणे शक्य आहे. तपासनिसाला काय बोलावे? शेकडो भाग निर्दोष निघाल्यावर पुढच्या भागाकडे नजर ताजी ठेवणे किती अवघड, हे रोज व्हाउचरे तपासणाऱ्याने अनुभवलेले असते.

माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला अधिक बोचते ते पुढचे. इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्या दप्तरात या चकतीच्या क्रमांकाच्या दोन चकत्या निघाल्या! एक टायमेट कंपनीच्या टायटॅनियमची. काही कागदांनुसार ती ध्वनिलहरींच्या तपासणीत नापास झाली होती आणि भंगारात जायला हवी होती. दुसरी आरएमआय कंपनीच्या लगडीची, ती पास. कागदोपत्री फुटलेली चकती ही दुसरी. परंतु घडाई करणाऱ्या अल्कोआच्या नोंदी सांगतात की ती लगड प्रथम कापली गेली १९७२ साली, आणि तिचे भाग विमानाच्या सांगाड्यासाठी गेले. चकती तर तपासून पूर्ण झाली ११ डिसेंबर १९७१ ला. माल कापण्याआधीच वस्तू तयार कशी? अल्कोआची नोंद खरी मानली तर नापास झालेलीच चकती विमानात बसली, असा अर्थ निघतो.

आता आपल्याकडेही हे काम वाढते आहे. ओडिशात कोरापुटला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा इंजिन कारखाना जुनाच आहे. पुण्याजवळ चाकणला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना २०१५ साली सुरू झाला, तेथे विमान इंजिनांचे भागही बनतात. आयटीआय झालेल्या मुलामुलींनी लेथ आणि मिलिंगबरोबर तपासणीचे शिक्षणही जरूर घ्यावे. घरी मुले विचारतात, नुसते बघण्याचे आणि लिहिण्याचे ते काय काम? त्यांना ही हकिकत वाचून दाखवावी.

जाता जाता, हिशेबातली एक गोष्ट. नापास माल परत केला की पुरवठादाराकडे भरपाई मागतात, आणि तो आपल्या खात्यात तेवढी रक्कम जमा दाखवतो. चौकशी करणाऱ्यांनी जुनी दप्तरे धुंडाळली. त्या नापास चकतीपोटी जनरल इलेक्ट्रिकने भरपाई मागितल्याची नोंद नाही, आणि अल्कोआ वा टायमेटने रक्कम जमा दिल्याचीही नाही.