रोहतांगपलीकडचं बिऱ्हाड

मनालीला जाणारा मराठी पर्यटक हल्ली अटल बोगद्यातून पाहता पाहता लाहौलमध्ये उतरतो, फोटो काढतो आणि जेवायला हॉटेलवर परत येतो. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०२० साली खुला झाला. त्याआधी लाहौल गाठायचं म्हणजे तेरा हजार फुटांवरची रोहतांग खिंड चढून जायची, आणि हिवाळा लागला की ती कित्येक महिने बर्फाखाली गडप. मग आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. या खिंडीपलीकडे, दहा हजार फुटांवरच्या केलाँग गावात, एका जर्मन जोडप्यानं एकोणिसाव्या शतकात जवळजवळ चाळीस वर्षं संसार केला. विल्हेल्म हायडे आणि त्यांची पत्नी मारिया.

गंमत अशी, की केलाँगला त्यांना कोणी पाठवलंच नव्हतं. हायडे होते मोरेव्हियन पंथाचे. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावातून ग्रीनलंडपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत मिशनरी पाठवणारा हा छोटासा प्रॉटेस्टंट पंथ. हायडे आणि त्यांचे सोबती एडुआर्ड पागेल १८५३ साली निघाले ते मंगोलियाला जायला. त्यासाठी मंगोल भाषासुद्धा शिकून घेतली होती. वाट हिमालय आणि तिबेट ओलांडून जाणार होती, पण तिबेटच्या वेशीवर दोघांना माघारी फिरवलं. मग ब्रिटिशांच्या ताब्यातला, पण तिबेटी बोलीभाषांच्या आणि बौद्ध गोम्पांच्या, म्हणजे मठांच्या, जगातला लाहौल त्यांनी मुक्कामासाठी धरला. वाट उघडेपर्यंत थांबू, हा हिशेब. वाट काही उघडली नाही.

मारियाबाईंचा प्रवास तर आणखी अचाट. त्यांचा जन्म १८३७ चा, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये. आईवडील तिथे मिशनरी होते. मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला धाडली गेली. वडील वारल्यावर आईनं सुरिनामच्या जंगलात एकटीनं काम चालू ठेवलं आणि तिथेच देह ठेवला. मुलगी मोठी झाली आणि तिच्यापुढे लग्नाचा प्रस्ताव आला, तो हिमालयात बसलेल्या एका अनोळखी माणसासाठी. लग्नं जुळवणारे पंथातले वडीलधारे. आपल्याकडच्या आजीला यात काही वावगं वाटलं नसतं, अंतर तेवढं जरा जास्त! १८५९ साली मिशनच्या तीन नियोजित वधू एकत्र बोटीनं निघाल्या आणि पुढे डोंगर चढून वर आल्या. त्यातल्या एक मारियाबाई. विषुववृत्ताजवळ जन्मलेली मुलगी अशी बर्फात नांदायला आली.

इथलं घर चालवायचं म्हणजे उन्हाळाभर हिवाळ्याची तरतूद करायची. लाहौल पर्जन्यछायेत आहे. पाऊस नावाला, त्यामुळे शेती हिमनद्यांच्या पाण्यावर. डोंगरउतारावरून कालवे खणून ते शेतापर्यंत आणायचं, आणि हाती येणारं पीक वर्षाला एकच. जव, कुट्टू, सरपण, गुरांचा चारा, सगळं बर्फाआधी घरात यायला हवं. छपरं सपाट, मातीची. रात्रभर बर्फ पडला की सकाळी आधी छपरावर चढून फावड्यानं तो खाली लोटायचा, एरवी वजनानं छप्पर खचणार किंवा वितळलेलं पाणी आत ठिबकणार. जर्मनीहून आलेली पत्रं खिंडीअलीकडे तटून राहत. आप्त गेल्याची बातमी काही महिन्यांनी कळणं यात नवल नव्हतं. लाहौलमध्ये बटाटा आणल्याचं श्रेय याच मिशनला दिलं जातं. त्याच बटाट्यावर पुढे दरीचं अर्थकारण उभं राहिलं, इतकं की १९६६ साली शेतकऱ्यांनी लाहौल पोटॅटो सोसायटी काढली.

मला मात्र सगळ्यांत जास्त भुरळ घालतो तो त्यांचा छापखाना. या आडगावात शिळाछापाचं यंत्र होतं! आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आणि पंचांगं छापली जायची तीच ही पद्धत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं मजकूर उतरवायचा. मग दगड पाण्यानं भिजवायचा. कोरा दगड पाणी धरतो, तेलकट अक्षरं पाणी झटकतात. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई ओल्या दगडावर ठरत नाही, फक्त अक्षरांवर बसते. कागद ठेवून दाब दिला की छापील पान तयार. त्यात कोरीवकाम नाही आणि शिसंही नाही, सगळी करामत तेल आणि पाणी यांच्या वैराची. तिबेटी लिपीला तर हे वरदानच. तिच्यात आपल्या जोडाक्षरांसारखी अक्षरं एकाखाली एक रचली जातात, त्यामुळे खिळे पाडायचे तर शेकडो वेगवेगळे पाडावे लागतात. दगडाला त्याचं काय? हात जे लिहील ते तो छापतो. मिशनमधले तिसरे गृहस्थ हाइनरिख येश्के हे विलक्षण भाषापंडित. त्यांचं तिबेटी व्याकरण १८६५ मध्ये आणि छोटा तिबेटी-इंग्रजी कोश १८६६ मध्ये केलाँगलाच छापला गेला. त्यांचा मोठा कोश १८८१ साली लंडनला निघाला. तिबेटी अभ्यासक तो अजून उघडतात.

विणकामाची शाळा चालवायच्या मारियाबाई. लाहौलच्या घराघरांत लोकर होती. ती कातायला आणि मागावर विणायला लोकांना शिकवायची गरजच नव्हती. सुयांवर विणणं तेवढं नवं होतं. हिवाळ्यात शेत नाही, वाट नाही, हात मोकळे. पोरी-बायका मिशनच्या ऊबदार खोलीत येऊन बसत आणि मोजे विणायला शिकत. मोज्याची खुबी टाचेत असते. चार सुयांवर टाके पसरून पाचवीनं गोल गोल विणत आलं की नुसती नळी तयार होते, आणि पायाचा तर तिथे काटकोन होतो. म्हणून टाचेपाशी निम्मे टाके तसेच सोडून उरलेल्या निम्म्यांवर मागे-पुढे विणत एक पट्टी करायची. पुढे प्रत्येक ओळ कडेला पोचायच्या आत परतवायची, म्हणजे विणीला आपोआप खोलगा पडतो. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलायचे आणि पुन्हा गोल सुरू. कात्री नाही, शिवण नाही. एका अखंड धाग्याला कोपरा फुटतो. हे पहिल्यांदा जमलेल्या पोरीचा चेहरा कसा झाला असेल!

धर्मप्रसार मात्र फळला नाही. चाळीस वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं अगदी मोजकी, आणि त्यांतही बरीचशी लडाखहून येऊन राहिलेली. लाहौली माणूस मिशनकडून औषध घेई, बटाटा लावी, मोजे विणे आणि पूजेला आपल्या गोम्पात जाई. मला यात लाहौली माणसाचा व्यवहारीपणा दिसतो. घर, जमीन, लग्नं, मयत सगळं एकाच धर्मात गुंफलेलं असताना त्यातला एक धागा कोण उपटून देणार? शिवाय हे गोरे लोक इंग्रजी राजवटीच्या सावलीत आले होते, हेही कुणी विसरलं नसणार. मोजा विणायला आपल्या देवाला सोडावं लागत नव्हतं. ‘लाहौली विणलेले मोजे आणि हातमोजे’ यांना २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता ते अधिकृतपणे लाहौलचेच.

या संसाराची किंमतही होती. हायडे दांपत्याची काही मुलं लहानपणीच गेली. शिकण्याजोगी झालेली मुलं युरोपला धाडायची हा मोरेव्हियन मिशनांचा रिवाज. जी ताटातूट मारियाबाईंनी मुलगी म्हणून सोसली, ती त्यांच्या वाट्याला आई म्हणूनही आली. अशा रिवाजाचं कौतुक मला करवत नाही.

१८९८ मध्ये केलाँग सोडून दोघं दार्जिलिंगकडे गेले. तिथे हायडे तिबेटी नव्या कराराच्या दुरुस्तीला बसले आणि शरच्चंद्र दास यांच्या १९०२ च्या तिबेटी कोशाच्या संपादनातही त्यांनी हात घातला. १९०३ साली, घर सोडल्याला पन्नास वर्षं झाल्यावर, ते जर्मनीला परतले. १९०७ मध्ये ते वारले, मारियाबाई त्यानंतर दहा वर्षांनी. १९२१ मध्ये त्यांच्या मुलानं आईवडिलांचं चरित्र लिहिलं. पण केलाँगच्या दिवसांचा माग काढणारे संशोधक मारियाबाईंच्या डायऱ्यांकडे वळतात. बाई रोज थोडं थोडं लिहून ठेवत.