फोटो टाकण्याआधी

मुलांच्या फोटोतून बाहेर जाणारी माहिती बहुतेक वेळा चेहऱ्यात नसते, ती मागे कुठेतरी कोपऱ्यात असते. दिवाळीतल्या किल्ल्याचा व्हिडिओ काढताना कॅमेरा बुरुजांवरून, मावळ्यांवरून फिरतो आणि त्याच ओघात सोसायटीची पाटी, स्कूटरचा नंबर आणि दारावरचे आडनावही टिपतो. दुसऱ्या फोटोत गणवेशावरचा बिल्ला दिसला, तिसऱ्याखाली शिकवणीची वेळ लिहिली, की मूल कुठे आणि केव्हा सापडेल हे अनोळखी माणसालाही कळते. दहावीच्या दिवसांत तर हॉल तिकीटच कौतुकाने स्टेटसवर चढते. राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन पाहायला बैठक क्रमांक आणि आईचे नाव पुरते, त्यामुळे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांनी निकाल पाहिला तर नवल नाही.

काही माहिती डोळ्यांना दिसतही नाही. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही नोंद गळून जाते. दर्जा टिकावा म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, तर ती सोबत जाते. ‘व्ह्यू वन्स’ने पाठवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेता येत नाही, पण समोरच्याने दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढला तर अडवणार कोण?

कंपन्यांनी काही कुंपणे घातली आहेत. 13 ते 17 वयाच्या मुलाने यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ आपोआप ‘प्रायव्हेट’ राहतो. इन्स्टाग्रामच्या किशोरवयीन खात्यांत 16 वर्षांखालील मुलांना संरक्षण सैल करायचे असेल तर पालकांची संमती लागते. मात्र हे सगळे खऱ्या जन्मतारखेवर उभे आहे. ‘आत्ता वय वाढवून टाक, नंतर बघू’ असे म्हणत खाते उघडून देणारे पालकच ही सोय बंद पाडतात.

पालकांचे स्वतःचे वागणेही तपासायला हवे. बाळाच्या आंघोळीचा फोटो घरातल्यांना गोड वाटतो. दहा वर्षांनी तोच वर्गातल्या कुणाच्या हाती लागतो. फ्रान्सने 2024 मध्ये कायदाच करून मुलाच्या छायाचित्राबाबतचा त्याचा हक्क जपण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकली. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता ‘हा टाकू का?’ असे मुलाला विचारता येते. ज्याला घरात विचारले जाते, तो मित्राचा फोटो टाकण्याआधी मित्राला विचारायला शिकतो, आणि स्वतःला नको असेल तेव्हा नाही म्हणायलाही.

सर्वांत कठीण प्रसंग धमकीचा. ऑनलाइन ओळख वाढवून कुणी खासगी फोटो मागवतो, किंवा साध्याच फोटोवरून बनावट अश्लील चित्र तयार करतो, आणि मग ‘सगळ्यांना पाठवीन’ म्हणून पैसे किंवा आणखी फोटो मागतो. घरी कळले तर मार बसेल, फोन जाईल, ही मुलाची भीतीच धमकावणाऱ्याचे भांडवल असते. म्हणून मुलाने सांगितल्यावर पहिले वाक्य रागाचे नसावे. पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही. संभाषण, खात्याचे नाव आणि लिंक जपून ठेवावी, मगच ब्लॉक करावे. 1930 वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते; मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. तो फोटो मात्र ‘बघा काय झालं’ म्हणून नातेवाइकांना पाठवू नये. अल्पवयीनांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार गुन्हा आहे.

असे फोटो हटवण्यासाठी 2023 मध्ये सुरू झालेली ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो ताब्यात घेत नाही. फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्याकडची प्रत शोधून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या एन्क्रिप्टेड संदेशांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. ठसा घ्यायला मूळ फाइल लागते, त्यामुळे घाबरून ती आधीच डिलीट करू नये.