आधी धाकटी बॅटरी तपासा

लाखभर किलोमीटर चाललेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर एखाद्या सकाळी चार-पाच दिवे एकदम पेटतात, ‘रेडी’ काही येत नाही आणि मालकाच्या पोटात गोळा येतो : बॅटरी गेली, आता लाखांचा खर्च! पुष्कळदा गेलेली असते ती दुसरीच, काही हजारांची बॅटरी.

पेट्रोल गाडीसारखी १२ व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असते. कुलपं, दिवे आणि सगळे कंट्रोलर तिच्यावर चालतात. मुख्य बॅटरीचा तीनशे-चारशे व्होल्टचा पुरवठा मोटरला जोडणारे मोठे रिले, म्हणजे कॉन्टॅक्टर, तेही तिच्याच जोरावर ओढले जातात. म्हणून मोठीत ८० टक्के चार्ज असला तरी धाकटीने मान टाकली की गाडी जागची हलत नाही. पेट्रोल गाडीत स्टार्टर कुंथायला लागतो, तेव्हाच बॅटरी थकल्याचं कळतं. इथे स्टार्टरच नाही. व्होल्टेज पडलं की एकेक कंट्रोलर भलतीच तक्रार नोंदवतो. स्टिअरिंग, एबीएस, काहीही.

साध्या मल्टीमीटरने खात्री होते. गाडी काही तास बंद ठेवून टर्मिनलवर मोजा. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दिसेल, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी रिकामी. चार्जर लावून भरल्यावरही ती पुन्हा तिथेच उतरत असेल, तर बदला. पण त्याआधी गाडी ‘रेडी’ करून परत मोजा. आकडा १३ ते साडेचौदाच्या दरम्यान चढला, तर अल्टरनेटरच्या जागी असलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक आहे. चढलाच नाही, तर नवी बॅटरीही चार दिवसांत झोपेल. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि सैल क्लॅम्प आधी बघा, हे सांगायला नकोच.

घरी चार्जिंग अडलं, तर गाडीआधी भिंतीकडे बघा. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सहसा चार्ज करायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा त्रास हमखास होतो. वायरमनकडून तपासून घ्या. सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा काळवंडला असेल, तर तो वापरणं तिथेच थांबवा.

ब्रेकचं दुखणं उलटं आहे : ते झिजत नाहीत, गंजतात. रिजनरेशनच गाडीचा वेग बराचसा उतरवत असल्याने पॅड डिस्कला फारसे टेकतच नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात कॅलिपरच्या पिना अडकतात, मग एक चाक घासत राहतं आणि रेंज घटते. थोडं अंतर चालवून चारही रिम हात न लावता, जवळून जोखा. एकच जास्त तापली असेल, तर चोर सापडला. रेंज सगळीकडूनच कमी वाटत असेल तर पहिल्यांदा टायरमधली हवा.

नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही. स्कॅनरवर पी०एए६, म्हणजे हाय-व्होल्टेज इन्सुलेशनचा दोष, दिसला तर गाडी थेट प्रशिक्षित वर्कशॉपकडे.