बिऱ्हाड थांबल्यानंतर

इंग्लंडात राणी एलिझाबेथच्या अमदानीत मुलांना कॅथॉलिक पद्धतीचे शिक्षण देणे हा अपराध ठरला, तेव्हा रॉबर्ट पर्सन्स या जेझुइट पाद्र्याने १५९३ साली इंग्लिश खाडीपलीकडे सेंत-ओमेर गावी जी शाळा काढली, तिचे बिऱ्हाड पुढील दोन शतकांत तीन वेळा पाठीवर आले: १७६२ साली ब्रूज, १७७३ साली लिएज, आणि १७९४ साली, फ्रेंच क्रांतीच्या फौजांपुढे पळ काढून, टॉमस वेल्ड या माजी विद्यार्थ्याने देऊ केलेला लँकाशायरमधील स्टोनिहर्स्टचा जुना वाडा. (ज्या धर्मकलहाच्या काळात ही शाळा परमुलखात निघाली, त्याच काळात स्वदेश सोडलेला टॉमस स्टीफन्स १५७९ सालीच गोव्यास उतरला होता आणि पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचून मराठीचा झाला.)

त्या प्रत्येक स्थलांतरात छप्पर बदलले, आतला संसार मात्र जुनाच राहिला. वर्गांना अनुक्रमांक नाहीत. व्याकरण, वाक्यरचना, काव्य आणि शेवटी वक्तृत्व अशा अर्थाची, जुन्या लॅटिन अभ्यासक्रमातून आलेली नावे त्यांना आहेत आणि ती आजही चालतात. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत, तशी येथील मुले वहीच्या पानावर ‘परमेश्वराच्या अधिक गौरवार्थ’ या लॅटिन वचनाची चार आद्याक्षरे मांडतात. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल १८७० ते १८७५ या काळात येथे शिकला तो याच शिस्तीत.

गेल्या अर्धशतकाची कथा मात्र उफराटी आहे. शाळा जागची तसूभरही हलली नाही, आणि आतले पुष्कळ काही पालटून गेले. हॉडर नदीकाठची लहान मुलांची शाळा १९७० साली बंद झाली. ज्या संस्थेचा कारभार चारशे वर्षे धर्मगुरूंच्या हाती होता, तिच्या मुख्याध्यापकपदावर १९८५ साली जाइल्स मर्सर या गृहस्थाची, म्हणजे पाद्री नसलेल्या माणसाची, प्रथमच नेमणूक झाली. आणि १९९९ पासून मुलींना सर्व इयत्तांत प्रवेश खुला झाला. या फेरफारांचे श्रेय कोणी उदार विचारांना देतील. मला वाटते, उदारतेइतकाच त्यात गरजेचा वाटा असावा, कारण पाद्र्यांची संख्याच सर्वत्र रोडावत चालली होती, आणि केवळ मुलग्यांच्या निवासी शाळेवर विसंबण्याचे दिवसही सरत आले होते. गरजेपोटी आलेली सुधारणा हलकी ठरत नाही, हे अर्थात वेगळे.

याच काळात एक जुने धन हातचे गेले. सेंट कथबर्ट या संताच्या शवपेटीत ११०४ साली सापडलेले, तळहातावर मावेल एवढे, तांबड्या कातड्याच्या मूळ बांधणीतले शुभवर्तमानाचे हस्तलिखित १७६९ साली लिएजच्या जेझुइटांना भेट मिळाले होते आणि दीर्घकाळ स्टोनिहर्स्टला होते. २०१२ साली ब्रिटिश लायब्ररीने ते ९० लाख पौंडांस विकत घेतले, आणि त्या रकमेतून शिक्षणकार्याबरोबर शाळेशेजारच्या सेंट पीटर चर्चचीही डागडुजी व्हावयाची होती. आजीची नथ मोडून घर शाकारण्यासारखेच हे. तरी मला त्यात वावगे दिसत नाही, कारण ते पुस्तक १९७९ पासून त्या ग्रंथालयाच्याच ताब्यात ठेवलेले होते.

दोनच वर्षांनी सेंत-ओमेरच्या सार्वजनिक ग्रंथालयात, प्रदर्शनासाठी जुनी पुस्तके चाळीत असताना, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या पहिल्या संग्रहाची एक प्रत हाती लागली. मुलांनी ते गाव सोडले तेव्हा मागे राहिलेल्या ग्रंथांपैकीच ती एक. तिचे मुखपृष्ठ आणि आरंभीची काही पाने गळालेली होती, म्हणून दप्तरात तिची नोंद अठराव्या शतकातील एक सामान्य आवृत्ती अशी झाली होती. आतील पानावर ‘नेव्हिल’ एवढेच नाव कोणीतरी शाईने लिहून ठेवले होते.