पाण्याला वाट

पणजीत पाटोचा पूल ओलांडून रायबंदरकडे चालू लागलं की पायांखाली नेहमीचा रस्ता लागतो. डांबर, पांढरा पट्टा, अंगावरून जाणाऱ्या स्कूटर. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरांची खाचरं आणि तिवरांची दाटी. या रस्त्यावरून बसनं मी कितीदा तरी जुन्या गोव्याला गेले असेन. आपण पुलावरून चाललोय, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही. ते कळलं एका ओहोटीच्या सकाळी, कठड्यावरून वाकून पाहिलं तेव्हा. खाली काळ्या चिखलात तिवरांची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली होती आणि त्यांच्या मागे, रस्त्याच्या पोटात, चिऱ्याची एक बुटकी कमान होती.

व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्यारिशचा काउंट, १६२९ ते १६३५ या काळात गोव्यात होता. त्याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ मध्ये, हा सुमारे तीन किलोमीटरचा सेतू दलदलीतून काढला गेला. त्याचंच नाव त्याला चिकटलं : पोंत द लिन्यारिश. चिरे ज्यांनी खाणीतून काढले, चिखलात कमरेएवढं उभं राहून ज्यांनी पाया बसवला, त्यांचं नाव कुठे नाही. या रस्त्यावर उद्या माहितीचा फलक लागला, तर त्यावरची पहिली ओळ त्यांच्याबद्दल असावी असं मला फार वाटतं.

तेव्हा राजधानी पूर्वेला, जुन्या गोव्यात होती. पणजी ही नंतरची गोष्ट. रोगराईनं जुनं शहर खचत गेलं, तसे व्हाइसरॉय याच वाटेनं टप्प्याटप्प्यानं पश्चिमेकडे सरकले. १६९५ मध्ये पणेलीला, १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात. पणजी रीतसर राजधानी झाली ती १८४३ मध्ये, म्हणजे रस्ता झाल्यावर दोनशे वर्षांनी. त्यामुळे पणजीहून निघून रायबंदर आणि पणेलीवरून जुन्या गोव्याला पायी गेलं, की आपण इतिहासात एकेक पाऊल मागे जात असतो. पर्यटकांच्या बसगाड्या आता मिठागरांपलीकडच्या नव्या महामार्गानं थेट जुन्या गोव्यातल्या चर्चच्या दारात जातात. वारसा पाहायला आलेली माणसं वारशाची वाटच चुकवतात.

ही वाट पर्यटनासाठी सजवावी, अशी बोलणी अधूनमधून कानावर येतात. जुन्या घाटणीचे दिवे, रंगवलेले कठडे, फोटो काढायला एखादा चौथरा. मला त्यात चूक दिसत नसे. ती दिसायला लागली रायबंदरच्या एका घराच्या कुंपणापाशी.

मैत्रिणीच्या त्या घराला चिऱ्याची जुनी भिंत आहे. काही वर्षांपूर्वी कुणा ठेकेदारानं तिला भक्कम करायची म्हणून सिमेंटचा गिलावा चढवला होता. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले. तो काढायला एक वयस्क गवंडी आले होते आणि मी चार दिवस त्यांच्याजवळ बसून होते. पहिला दिवसभर ते फक्त ठोकत होते. हातोडीचा हलका टोला, मग कान. जिथे बद्द आवाज येई तिथे कोळशाची खूण. गिलाव्याचा पापुद्रा निघाला तेव्हा मागचा चिरा हातानं कुस्करता येत होता. वर पांढरी भुकटी. लोणा.

चिऱ्याचं वागणं विलक्षण आहे. जमिनीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीनं कापावा असा. बाहेरच्या हवेत तो टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानननं मलबारात तो पाहिला आणि १८०७ मध्ये विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. पण टणक झाला तरी तो छिद्रं छिद्रं असलेलाच दगड. जमिनीतलं खारं पाणी तो शोषत राहतो. दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांतून ते पाणी वाफ होऊन निघून जातं. सिमेंट मात्र त्याला कोंडतं. कोंडलेलं पाणी आतच सुकतं, मिठाचे खडे धरतात आणि दगडाला आतून फोडतात.

गवंड्यांनी सगळ्या दर्जा अंगठ्याच्या पेराएवढ्या खोल खरवडल्या. सांध्यात पिंपळाचं रोप होतं, मी ते ओढायला गेले तर त्यांनी हात धरला. ओढलं की मूळ दगड घेऊनच येतं. ते बुडाशी कापायचं, मुळं मरू द्यायची, मग पोकळी भरायची. चुना त्यांनी आधीच भिजवून मुरत ठेवला होता, लोण्यासारखा. त्यात वाळू आणि विटांची सुरखी. भिंतीवर पाणी मारून करणीच्या टोकानं तो आत दाबायचा, वर ओलं गोणपाट टांगायचं. घाई चालत नाही, चुना हवेतून हळूहळू पकडतो. तळाशी त्यांनी चार ठिकाणी भोकं मोकळीच ठेवली. ती बुजवायची राहिली, असं मला वाटलं. ते म्हणाले, "बाय, उदकाक वाट जाय." पाण्याला वाट हवी.

तेव्हापासून या सेतूकडे मी त्याच एका वाक्यातून पाहते.

कारण लिन्यारिशचा सेतू मुळात त्याच विचारावर उभा आहे. दक्षिणेच्या टेकड्यांवरचं पावसाचं पाणी मांडवीत उतरायला बघतं. समुद्राची भरती दिवसातून दोनदा मांडवीतून मागे येऊन खाजणात, म्हणजे काठच्या सखल खाऱ्या जमिनीत, शिरते. मध्ये भरीव बांध घातला असता तर एका बाजूला पूर आणि दुसऱ्या बाजूला सुकलेली दलदल झाली असती. कमानींमुळे पाणी दोन्हीकडे जातं. त्या पाण्याबरोबर माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत येतात, मिठागरांना खारं पाणी मिळतं. गोव्यातल्या खाजणांना हे शहाणपण पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं. मातीचा बांध आणि त्यात भरती-ओहोटीनं आपोआप उघडमीट करणारा लाकडी दरवाजा, मानस. सेतू व्हाइसरॉयच्या नावाचा असला, तरी पाण्याशी असं समजुतीनं वागण्याची रीत इथल्या मातीतली आहे.

म्हणून या वाटेचा विकास करायचा तर कामाला खालून सुरुवात व्हावी. आधी ओहोटी साधून प्रत्येक कमान पाहायची, तोंडाशी अडकलेला कचरा आणि गाळ काढायचा, सांध्यांतली मुळं मारायची, दर्जा चुन्यानं भरायच्या. वरची जड वाहनं महामार्गावर पाठवायची. नुसत्या हादऱ्यांनीही चुना सुटतो. हे काम फोटोत दिसत नाही, त्याची फीत कापता येत नाही, आणि ते दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावं लागतं. दिखाऊ काम काय करतं, याचा दाखला याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बॉम जेजू बासिलिका १६०५ मध्ये पुरी झाली तेव्हा तिच्या अंगावर गिलावा होता. १९५० च्या दशकात ती अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो उतरवला. तिचा तो तांबूस उघडा दगड आज सगळ्यांच्या फोटोंत आहे. पाऊसही त्याच उघड्या दगडावर पडतो आणि दगड झिजतो आहे.

दिव्यांची मला खरोखर भीती वाटते. नदीपलीकडे चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. संध्याकाळी तिवरांवर बगळे उतरतात तेव्हा हा काठ काळोखात असतो, तो तसाच राहावा. चालणाऱ्यांना एक सुरक्षित कड, उन्हात थांबायला दोन-तीन झाडांच्या सावल्या, आणि शेवटी रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरी पाहत बसायला एक बाक. एवढं पुरे.

गेल्या हिवाळ्यात मैत्रीण आणि मी एक वही घेऊन या सेतूवरून चाललो. भरती चढत असताना निघायचं. नदीच्या बाजूनं कमान दिसली की तिच्या तोंडाशी आंब्याचं पान सोडायचं, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर वाकून थांबायचं. पान आलं तर वहीत बरोबरची खूण. नाही आलं तर फुली, आणि शेजारी काय दिसलं ते : प्लॅस्टिक, गाळ, मुळं. पहिल्या सकाळी फुल्या जास्त झाल्या. एक सायकलवाला थांबला, काय हरवलं म्हणून विचारू लागला. सांगितल्यावर त्यानं सायकल कठड्याला टेकवली आणि म्हणाला, पुढचं पान मी सोडतो.

त्यानं ते सोडलं. आम्ही दोघी पलीकडे धावलो. खाली पाणी हलत होतं, पण इतकं सावकाश, की कठड्याच्या सावलीवरूनच ते कळत होतं. पान दिसेना. मैत्रिणीनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, थांब जरा. तिकडून तो ओरडून विचारत होता, आलं का? तेवढ्यात कमानीच्या अंधारातून आधी देठ बाहेर आला.