प्रश्नावलीमुळेच माणसं मागे हटली तर?



अवयवदानावर संशोधन करायचं ठरलं की आपला आराखडा बहुतेक वेळा ठरलेला असतो. ज्ञान, दृष्टिकोन आणि इच्छा यांवर चाळीस-पन्नास प्रश्न, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय आणि शेवटी निष्कर्ष : जनजागृती हवी! माझाही पहिला आराखडा असाच होता. गाइडनी एवढंच विचारलं, “इच्छा आहे म्हणणाऱ्यांपैकी नोंदणी किती जणांनी केली, हे तुला कळणार कसं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे उत्तर शोधताना स्कॉटलंडमधला एक अभ्यास वाचनात आला. रोनन ओ’कॅरल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१६ साली ‘हेल्थ सायकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्या वेळी तिथे अवयवदात्याला स्वतःहून नोंदणी करावी लागे. संशोधकांची कल्पना साधी होती. ‘नोंदणी केली नाही तर पुढे मला पश्चात्ताप होईल का?’ हा विचार आधीच मनात आणून दिला, तर माणूस नोंदणी करेल. याला ‘संभाव्य पश्चात्ताप’ म्हणतात.

त्यांनी १४,५०९ लोकांना यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागलं. पहिल्या गटाला फक्त वैयक्तिक माहिती आणि सध्याची नोंदणी विचारली. पुढच्या दोन गटांना त्यासोबत टप्प्याटप्प्याने इच्छा, भावना आणि दृष्टिकोन यांविषयीचे प्रश्न दिले. चौथ्याला हे सगळं आणि वर पश्चात्तापाचे दोन प्रश्न. सहा महिन्यांनी नोंदणी झाली का, हे लोकांना न विचारता सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदींवरून तपासलं.

निकाल उलटा लागला! आधी नोंदणी नसलेल्यांपैकी पहिल्या गटात ६.३९ टक्के लोकांनी नोंदणी केली, तर पश्चात्तापाच्या गटात फक्त ४.५१ टक्के.

असं का झालं असावं? संशोधकांच्या मते प्रश्नांचा आशय हे एक संभाव्य कारण आहे. भावनिक प्रश्न म्हणजे शरीर अखंड राहण्याची ओढ, किळस, अपशकुनाची भीती, डॉक्टरांवरचा अविश्वास. ज्याच्या मनात हे आलंही नव्हतं, त्याला आपणच ते वाचायला देतो. हे कारण सिद्ध झालेलं नाही, पण शक्यता गंभीर आहे.

आता आपल्यासाठी यात काय आहे?

पहिलं, इच्छा आणि कृती वेगळ्या मोजा. दुसरं, मोठी प्रश्नावली न दिलेला गट ठेवा. तो नसता तर हा उलटा परिणाम दिसलाच नसता. तिसरं, निकाल गृहीतकाविरुद्ध गेला तरी तो लिहा. या अभ्यासाचं मोल त्यातच आहे.

महाराष्ट्रात काम करणार असाल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याखाली प्रतिज्ञापत्र भरता येतं, पण मेंदूमृत्यूनंतर रुग्णालयात प्रत्यक्ष विचारणा होते ती नातेवाइकांनाच. त्यामुळे ‘कार्ड भरलं का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘घरी कुणाला सांगितलंय का?’ हेही विचारा.

आणि प्रश्नावली वाटण्याआधी प्रत्येक प्रश्न स्वतः एकदा उत्तरदाता म्हणून वाचा. आपल्या एका वाक्यामुळे कुणी मागे हटलं, तर ते आपल्या माहितीत कधीच दिसणार नाही. पण कुठल्यातरी प्रतीक्षायादीतल्या रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागू शकते.